मागं सरा

रोह्यात बेसबॉल कोण खेळतं, असं विचारणाऱ्यांनी आमच्या मैदानावर यावं. कंपनीतली शिफ्ट संपली की मुलींना खेळ शिकवणारी आमची ताई तिसरा बेस सांभाळायला हजर. बॅट घेतली की लांब उभ्या मुलींना ओरडते, "मागं सरा गो, अजून मागं!" तरी चेंडू त्यांच्या डोक्यावरून जातो. राज्याकडून खेळली, पण गावानं साधा हार घातला नाही.

मैदानात पार्किंगच्या खुंट्या ठोकायला नगरपालिकेचे साहेब आले. मैदान वाचवा म्हणून मी काढलेलं पत्रक त्यांनी चुरगाळलं. ती बॅट घेऊन उभी राहिली. "साहेब, आमची प्रॅक्टिस हाय. मागं सरा." पहिला चेंडू जीपवरून पलीकडे गेला. दुसऱ्याआधी साहेब जीपमध्ये बसले, ते परत आले नाहीत.

काल तिथंच आमच्या मुलींनी पेणच्या संघाला हरवलं. ती बाहेर बसली होती; बॅट उचलणारी प्रत्येक पोरगी तिच्याच आवाजात ओरडत होती, "मागं सरा गो!"