मेजरांचा मुलाकातीचा शर्ट

मेजर कुणाच्या समोर बसत नसत. शेजारी बसत, भिंतीला पाठ लावून. "समोर बसलं की मानसाला पोलीस वाटतो गड्या," म्हणायचे. बराकीत नवा कैदी आला की पहिला अख्खा दिवस ते त्याच्या शेजारी बसून राहायचे आणि काही म्हणजे काही विचारायचे नाहीत. केस कुठली, कलम कुठलं, वकील कोण, काही नाही. जेवणाची वेळ झाली की एवढंच, "ऊठ, थाळी घे."

मी कुपवाडला लेथवर काम करणारा माणूस. कारखान्याच्या गेटवर मारामारी झाली, त्यात माझंही नाव आलं आणि सांगलीला आत गेलो. पुढं निर्दोष सुटलो, पण ते पुढचं. आत गेल्यावर जेवण तुटलं, झोप तुटली. कशातच राम वाटेना. भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, तर हा मिशीवाला म्हातारा शेजारी येऊन बसला. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "मला एकटं राहू द्या की." तर म्हणाले, "राहा की. मी कुठं बोलतोय?" आणि तिथंच बसून राहिले. संध्याकाळी मी भाकरी खाल्ली ती निव्वळ त्यांच्या चिवटपणाला कंटाळून.

बाहेरून एका संस्थेच्या ताई यायच्या. कोण खचत चाललाय ते सोबत राहणाऱ्यालाच आधी कळतं, म्हणून त्यांनी आमच्यातल्या काहीजणांना शिकवून तयार केलं होतं. मेजर त्यातले सगळ्यांत जुने. ताई सांगायच्या, नुसतं ऐकून घ्या, हुकूम सोडू नका. ऐकून घेणं मेजरांना झकास जमलं. हुकूम मात्र सुटायचेच. "दाढी कर." "कांबळं झटक." त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. माण तालुक्यातला माणूस, सगळी उमेद फौजेत गेलेली. रिटायर झाले हवालदार म्हणून, पण आपल्याकडं फौजेतून परतलेला प्रत्येकजण मेजरच.

त्यांच्याकडं फिक्या निळ्या रंगाचा एक शर्ट होता. पाण्याचा हात फिरवून घडी घालायचे आणि कांबळ्याखाली दाबून त्यावर झोपायचे. इस्त्री लाजेल अशी घडी. ज्याची मुलाकात असेल, नाहीतर कोर्टात तारीख असेल, त्यानं तो घालायचा, हा बराकीचा रिवाजच झाला होता. जाड्याला बटणं लागायची नाहीत, बारक्याच्या अंगात तो गोणीसारखा दिसायचा, तरी घालायचाच. "घरच्यानं तुला बगून रडत घरी जाऊ न्हाई. टर्नआउट पायजे." माझी बायको पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा मी जाणारच नव्हतो. मेजरांनी तो शर्ट लहान पोराला घालावा तसा मला घातला आणि दाराकडं ढकललं. बायको म्हणाली, बरे दिसताय. त्या दोन शब्दांवर मी किती दिवस काढले, माझं मलाच ठाऊक.

मेजरांना मात्र मुलाकात नसायची. बांधावरच्या भांडणात त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाच्या डोक्यात काठी घातली आणि भाऊ गेला. मेजर बॉर्डरवर असताना त्यांच्या आईवेगळ्या लेकीला त्याच भावानं वाढवलेलं. ती कशी येणार? "येऊ नये तिनं. बराबर हाय तिचं," असं मेजर म्हणायचे आणि दर मुलाकातीच्या दिवशी सकाळीच दाढी करून बसायचे.

आणि ती आली. नेमकी माझ्या तारखेच्या दिवशी. शर्ट माझ्या अंगावर, मी कोर्टात.

पुढचं मला बराकीतल्यांनी सांगितलं. पुकारा झाला, मेजर, लेक आलीय. मेजर बनियनवर. दुसरा शर्ट धुऊन वाळत टाकलेला, ओलाकिच्च. चौघांनी आपापले शर्ट काढून पुढं केले. मेजर म्हणाले, "दुसऱ्याच्या कापडात लेकीम्होरं जाऊ? थांबवा तिला. माझा शर्ट येतोय." आता काय म्हणावं या माणसाला? आम्हा सगळ्यांना स्वतःच्या शर्टात लेकीबाळींपुढं उभं केलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा ही अक्कल! अजून आठवलं की रागच येतो मला, आणि मग रडू येतं. कोर्टाची गाडी परतेपर्यंत मुलाकातीची वेळ संपून गेली होती.

मी आत आलो, शर्ट काढून दिला. त्यांनी घडी घातली. म्हणाले, "तारखेचं काय झालं तुझ्या?" मी आपला तारखेचं सांगत बसलो. बाकीचे आजूबाजूला उभे होते. त्या दिवशी त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून कुणीतरी नुसतं बसायला हवं होतं.

ती परत आली नाही. मेजरांना शिक्षा लागली आणि त्यांना मोठ्या जेलमध्ये हलवलं. जाताना शर्ट माझ्या हातात दिला. "मला आता सरकारी कापडं. ह्यो हितंच ऱ्हाऊ दे." मी सुटलो तेव्हा तो पुढच्याच्या हातात देऊन आलो. नव्यांच्या शेजारी बसायचं कामही त्याच्यावर सोपवलं.

सुटल्यावर काही महिन्यांनी कळलं, मेजर तिकडं हार्टअटॅकनं गेले. मी पत्ता काढत दहिवडीच्या पलीकडं लेकीच्या सासरी गेलो. अंगणात शेरडं बांधली होती, ती त्यांना पाला टाकत होती. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "दादा, मी गेले हुते की भेटायला. शिपायानं दोनदा हाक मारली. आबा आलं न्हाईत. मला वाटलं, त्यास्नी माझं तोंड बघायचं न्हाई. मग कशाला परत जायाचं?"

मी तिला शर्टाचं सगळं सांगितलं. तिच्या हातातला पाला तसाच राहिला. शेरडू ओढत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

"शर्टाचं काय घिऊन बसलं आबा," ती म्हणाली. "सुट्टीला घरी आलं की बनियनवरच असायचं. मी तसंच बघितलंय त्यास्नी."