हरभऱ्याचे शेंडे कोण खुडतं?

"ससा बघायला कोणी घनसावंगीला जातं का?" मस्तगडातल्या आमच्या घराच्या दारात उभं राहून बायकोने विचारलं. माझ्या गळ्यात दुर्बीण होती, हातात पिशवी होती आणि तिच्या नजरेत संशय. मी खरोखरच सशासाठी निघालो होतो. पण इतक्या खऱ्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार?

झालं होतं असं. घनसावंगीजवळच्या खेड्यात माझी मावसबहीण सुमनताई राहते. तिच्या हरभऱ्याचे कोवळे शेंडे रोज सकाळी गायब झालेले दिसत. या शेंड्यांची भाजी करतात. मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. न विचारता खुडली तर मात्र ती चोरी. ताईचा संशय शेजारच्या शेतातल्या धाकट्या जावेवर, मंदावर होता. लेकीचा साखरपुडा आठवड्यावर आलेला आणि मंदाला आवतन (आमंत्रण) द्यायचं नाही, असं ताईने ठरवून टाकलेलं. सख्ख्या काकूशिवाय साखरपुडा म्हटल्यावर दाजींची झोप उडाली. मी फोनवर सहज म्हणालो, "अहो, ससा असेल." ताईने दाजींच्या हातून फोन ओढून घेतला. "मंग येऊन दाखव."

अंबडपर्यंत एसटी मिळाली, पुढे काळीपिवळी जीप. माझ्या मांडीवर कोणाची तरी मेथीची जुडी आणि शेजारी एक रुमालवाले गृहस्थ. त्यांनी दुर्बिणीकडे बराच वेळ पाहिलं.

"फॉरेस्टचे का?"

"नाही हो. ससे बघायला चाललोय."

ते जागा नसतानाही सरकले. "आमच्या शिवारात ससेच न्हाईत. बिलकुल न्हाईत. अन् कुणी धरत बी न्हाई."

धरण्याबद्दल मी काही विचारलंच नव्हतं.

गावात पोचलो तर ताईने पाणी दिलं आणि चहाआधी शेतात नेलं. मधे धुरा (शेताचा बांध). अलीकडे ताईचा हरभरा, कडेने तुरीची ओळ. पलीकडे मंदाचा ऊस आणि कापूस. मी गुडघ्यांवर बसून शेंडे तपासले. काही देठ तिरपे, कात्रीने कापावेत तसे स्वच्छ कापलेले होते. मी खूश झालो. ससा पुढच्या दातांनी असंच कापतो.

"बघ, ताई. माणूस नखाने खुडतो, त्याचा देठ चिरडतो."

"तिच्याकडं कात्री हाय."

मातीत गोल, चपट्या, वाळक्या गवताच्या लेंड्या सापडल्या. मी त्या तळहातावर ठेवून तिला दाखवल्या.

"बकरीच्या हाईत. तिच्याकडं बकऱ्या बी हाईत."

दाजी मागून हळूच म्हणाले, "पाव्हणे, माझं लग्न झाल्यापासून असंच चालू हाय."

दुपारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन आम्ही ऊन उतरायची वाट पाहिली. ससा बीळबीळ काही करत नाही. दिवसभर गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून त्यात निपचित पडून राहतो. तुमचा पाय अगदी शेपटीशी येईपर्यंत हलत नाही. दिवस मावळू लागला की चरायला निघतो. म्हणून ताई आणि मी तुरीच्या आड जाऊन बसलो. हरभऱ्याच्या पानांवर आंब (आंबट दव) असते. दिवसा तपासताना माझ्या विजारीचे गुडघे त्या आंबेने भिजले होते आणि आता ते चांगलेच चुणचुणत होते.

आणि तो आला. आधी कान, मग बाकीचा ससा. चार ढांगा पुढे आला, थांबला, मागच्या पायांवर उभा राहून चारी दिशांना पाहिलं. मग आल्या वाटेनेच मागे गेला आणि एकदम बाजूला लांब उडी मारली, म्हणजे माग काढणारा चकावा. एवढा संशयी प्राणी मी पाहिला नव्हता, आणि मी तर ताईच्या घरी उतरलो होतो.

अखेर त्याने एक शेंडा कापला. पुन्हा एक. तोंड भराभर हलत होतं. मी ताईकडे दुर्बीण दिली. ती बराच वेळ पाहत राहिली.

"खाऊन राह्यला खरा," ती पुटपुटली.

इतक्यात माझा फोन वाजला. बायको. "खरंच सशासाठीच गेलात ना?"

ससा नागमोडी पळत धुरा ओलांडून दिसेनासा झाला.

"बघितलंस कुठं गेला?" ताई म्हणाली. "तिच्याच उसात."

मी हात जोडले. ती उठली, साडी झटकली आणि घराकडे चालू लागली.

सकाळी मात्र कुंकवाचा करंडा घेऊन ती मंदाच्या दारात उभी राहिली. मी साक्षीदार म्हणून मागे.

"हरभऱ्यात ससा व्हता," ताई म्हणाली. "साखरपुड्याला यायचं. आदल्या दिवशीच यायचं."

मंदाने कुंकू लावून घेतलं. "मला वाटलं, अक्का, आता फोटोतच बघावा लागतोय साखरपुडा." बोलता बोलता तिचे डोळे भरले. ताईने तिच्या कपाळावर सांडलेलं कुंकू पदराने टिपलं आणि कामाचं सांगू लागली: पुरणाचं कोण बघणार, पाट कुठून आणायचे.

मी तिथूनच परतीला निघालो; ताई दाजींना हाक मारायला वळली, तेवढ्यात मंदाने एक फडक्याचं गाठोडं माझ्या पिशवीत सरकवलं. "वहिनींना द्या, भाऊ. ताजं हाय."

घरी बायकोने गाठोडं सोडलं. हरभऱ्याची कोवळी भाजी, हिरवीगार, अजून दमट. मी एक देठ उजेडात धरला. नखाने खुडलेला, टोकाशी चिरडलेला. आणि मंदाच्या शेतात ऊस होता, कापूस होता; हरभऱ्याचं एकही रोप नव्हतं.

बायकोने लसणाची फोडणी दिली. इतकी चवदार भाजी आमच्या घरात क्वचितच झाली असेल. साखरपुड्याला दोघी जावा एकाच ताटात जेवल्या, असं दाजींनी नंतर कळवलं.

"मग?" भाजी केली त्या दिवशीच भाकरी वाढताना बायकोने विचारलं होतं. "चोर कोण निघाला?"

"ससा," मी म्हणालो आणि भाजी पुन्हा वाढून घेतली.