तंगाची फेरी

आमच्या आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, घोड्यांची खोगिरं शिवायच्या. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. त्यांच्या मागच्या खोलीत लांबलचक टेबल, भोकं पाडायच्या, खिळ्यांना टांगलेल्या आऱ्या, मेणाचा गोळा, चामडं कापायची रापी, आणि या सगळ्यावर तेलाचा नि घोड्याच्या घामाचा वास. हे काम बाई करते म्हणून लोक आधी नुसते बघायला यायचे, आणि जाताना काम ठेवून जायचे.

माझ्या सासऱ्यांनी त्यांना हा धंदा शिकवला आणि सोबत एक दंडक घालून दिला. शिवलेल्या तंगावर शिवणाऱ्याने आधी स्वतः बसून यायचं. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळून धरणारे पट्टे. ते सुटले की खोगीर आणि माणूस दोघेही जमिनीवर. त्यामुळे कोणाचाही तंग दुरुस्त झाला की आक्का तो आपल्या म्हाताऱ्या घोडीवर चढवायच्या आणि एकट्याच टेकडीमागच्या पायवाटेने जुन्या दगडखाणीपर्यंत जाऊन यायच्या. घोडीला सगळे बाईसाहेब म्हणत, कारण तिला घाई केलेली खपत नसे.

आक्कांच्या यजमानांना सगळं गाव कप्तान म्हणतं. आयुष्यभर त्यांनी नदीवर माणसं पार करणारी बोट चालवली. पाण्याला न भिणारा हा माणूस घोड्यापासून मात्र चार हात लांब राहायचा.

"अहो, निदान तिला पाणी तरी दाखवा," आक्का म्हणायच्या.

"माझ्या बोटीला पुढे नाक होतं, मागे सुकाणू. तुझ्या बाईसाहेबांना पुढे दात, मागे लाथा. पाणी कुठल्या बाजूने दाखवू ते सांग."

"घोडी ओळखते हो, कोण घाबरट ते."

"ओळखू दे की. आमची ओळख लांबूनच बरी."

गेल्या वर्षभरात आक्कांचं टेबल हळूहळू खिडकीकडे सरकत चाललं होतं. शेवटी ते गजांनाच टेकलं. मधूनच त्या भिंतीपलीकडून हाक मारायच्या, "अगं, एवढी सुई ओवून दे, माझे हात मेणाने माखलेत." एकदा मी गेले तर त्यांचे हात नुकतेच साबणाने धुतलेले, ओले. मी सुई ओवून दिली. कप्तानांनी डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला की आक्कांना हटकून चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

त्या दिवशीचा तंग टेकडीपलीकडच्या शाळेत घोड्यावरून जाणाऱ्या शिक्षिकेचा होता. तरुण मुलगी. आक्कांना मावशी म्हणायची. जेवणं उरकली आणि आक्का निघाल्या. पुढचं आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं, तेही तुकड्यातुकड्याने, कित्येक दिवसांत मिळून.

खाणीच्या अलीकडे वाट निमुळती होते. डावीकडे कडा, उजवीकडे खोल उतार. तिथे पाण्याने वाट थोडी खाल्ली होती. बाईसाहेबांनी थबकून पाहिलं, विचार केला आणि अंग गोळा करून उडी घेतली. त्या झटक्यात एक पट्टा फाटला. दुसऱ्या पट्ट्याने खोगीर धरून ठेवलं, पण पुरतं नाही. ते गर्रकन फिरून घोडीच्या कुशीवर उतरलं आणि आक्का त्याच्याबरोबर. उजवा पाय खोगिराच्या रिकिबीत, पाय ठेवायच्या कडीत, अडकलेला, डोकं खाली, खांदा दगडांवर, आणि डोक्याच्या पलीकडे नुसती पोकळी.

पोटाला लटकणारं खोगीर घोड्यांना सहन होत नाही. चांगली शहाणी घोडीसुद्धा उधळते. बाईसाहेब उधळल्या असत्या तर आक्कांना त्यांनी खाणीपर्यंत फरफटत नेलं असतं. काही पावलं नेलंच. तेव्हाच खांद्याचं हाड मोडलं.

"मी ओरडले नाही," आक्का मला म्हणाल्या. "ओरडले असते तर संपलं होतं. मी तिच्याशी घरातल्यासारखं बोलत राहिले. थांब गं बाई, आज तुला गूळ देते, कप्तानांना पाणी आणायला लावते. काय वाट्टेल ते. ती थरथरत होती. पण ती थांबली."

ॲप्रनच्या खिशात रापी होती. डोळ्यांत माती गेलेली. त्यांनी चांगल्या हाताने चाचपत रिकिबीचा पट्टा शोधला आणि थोडा थोडा करून कापला. पाय सुटल्यावर त्या वाटेवर नुसत्या पडून राहिल्या. हाक ऐकायला आसपास कोणी नव्हतं. मग त्यांनी तंगाचा उरलेला पट्टाही सोडला, खोगीर तिथेच टाकलं, फाटलेला पट्टा मात्र उचलून कमरेला खोचला आणि घोडीच्या आयाळीत बोटं रोवून चालत घरी आल्या.

कप्तान ओट्यावर बसले होते. खोगिराशिवायची घोडी आणि तिच्या मानेला टेकलेलं माणूस पाहून ते धावले. मी पाहिलं, त्यांनी आधी बाईसाहेबांचा लगाम धरला. आपण काय धरलंय हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

दवाखान्यात हाड बांधताना डॉक्टरांनी डोळ्यांवर उजेड टाकला. नजरेचा मधला भागच गेला होता. कडेचं दिसत होतं, समोरचं नाही. चष्म्याने भरून येणार नव्हतं.

दोन दिवसांनी शिक्षिका भेटायला आली. पलंगाशी बसून रडायला लागली. "मावशी, पट्टा माझ्या वडिलांच्या वेळचा होता. चामडंच जुनं. मी आधीच टाकून द्यायला हवा होता."

"तेच म्हणतोय मी," कप्तान म्हणाले. "कुजकं चामडं. शिवणारा काय करणार?"

आक्कांनी पट्टा मागून घेतला. फाटलेल्या कडेवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"चामडं चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पोस्टाचं तिकीट फाडल्यासारखं भोकांच्या रांगेवर फाटलंय. भोकं मी पाडली."

"आक्का..." मी म्हटलं.

"ऐक गं. मला टाका दिसेना, म्हणून भीती वाटायची की सैल राहिला असेल. मग एकाच्या जागी दोन घालायचे. कधी तीन. जितकी काळजी घेतली तितकं चामडं कमजोर केलं. वर्षभर हेच करतेय."

कप्तान उठून खिडकीशी गेले. "बाकीचे तंग तू फेरी मारूनच दिलेस ना? टिकले की."

"एका फेरीला टिकले. रोज बसणाऱ्याखाली किती टिकतील? उद्या ही मुलगी त्या वाटेवर असती तर? सगळ्यांना फोन करा. वर्षभरात माझ्या हातचं जे गेलं ते परत मागवा. तोवर कोणी घोड्यावर बसायचं नाही, असं सांगा."

"लोक पुन्हा काम आणणार नाहीत."

"आणतील तरी कोणाकडे?" आक्का म्हणाल्या, आणि हातातला पट्टा त्यांनी खाली ठेवला. "हाड जुळेल हो. पण ते टेबल आता माझं नाही."

कप्तानांनी फोन केले. प्रत्येकाला सरळ सांगितलं, चूक आमची आहे. कोणी चिडलं, एकाने नको ते ऐकवलं. पट्टे येत गेले आणि पलंगाच्या पायथ्याशी ढीग झाला. आक्का एकेक मांडीवर घेऊन नखाने तपासायच्या. काही चांगले निघाले. ते बाजूला ठेवताना त्या क्षणभर हातात धरून ठेवायच्या. बरेचसे रद्द झाले.

आता पुन्हा शिवणार कोण? एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला.

"अहो, ती बोटीची दोरी नाही! ओढताय काय एवढं?"

"मग किती ओढू?"

"बसेल इतकं. आणि लांब टाका. आणखी लांब. चामड्याला श्वास घेऊ द्या."

"आयुष्यभर मी दोरांना गाठी मारल्या, कोणी श्वास मागितला नाही."

मी डोकावले. टेबल खिडकीपासून पुन्हा खोलीच्या मध्ये आलं होतं. कप्तान दोन सुया घेऊन घामाघूम झालेले, आणि शेजारी बांधलेल्या खांद्याने बसलेल्या आक्का प्रत्येक टाक्यावर नख फिरवत होत्या. कप्तानांनी बरेच पट्टे उसवले, पुन्हा शिवले. शिक्षिकेसाठी नव्या चामड्याचा पट्टा घेतला होता. तो आक्कांनी सर्वात शेवटी हातात घेतला, टोकापासून टोकापर्यंत तपासला आणि खाली ठेवला.

"बरा झालाय," त्या म्हणाल्या.

कप्तानांनी सुस्कारा सोडला. "चला, देऊन येतो तिला."

"अहो, फेरी?"

कप्तानांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर उभ्या बाईसाहेबांकडे. ते थट्टा करतील असं मला वाटलं. त्यांनी केली नाही.

"पडलो तर?"

"म्हणून तर दुसऱ्याला द्यायच्या आधी बसायचं."

तेवढ्यात शिक्षिका तंग न्यायला आलीच; वाटेवरून परत आणलेल्या खोगिरावर आम्ही दोघींनी मिळून त्यांना चढवलं. दोन्ही हातांनी खोगीर धरून, डोळे मिटून ते बसले. आक्कांनी चांगल्या हातात लगाम घेतला आणि पुढे चालू लागल्या. त्या वाटेवरचा प्रत्येक दगड त्यांच्या पायांना ठाऊक होता. पाण्याने खाल्लेल्या जागेशी त्या थांबल्या, घोडीच्या मानेवर थाप मारली.

"डोळे उघडा," त्या मागे न वळता म्हणाल्या. "आता पुढचं मला दिसत नाही. तुम्ही सांगायचं."

कप्तानांनी डोळे उघडले.