पंखावरचं ठिगळ

बुरोंडीच्या भागोजी पावशाचा हात शिडांवर बसलेला होता. त्याने दिलेला जोड वाऱ्यालासुद्धा सापडत नाही, असं खलाशी म्हणत. १९३० साली त्याचा मेव्हणा दादू त्याला मुंबईला घेऊन गेला. दादू जुहूला, विमानं ठेवायच्या शेडवर रखवालदार होता.

तेव्हाची लहान विमानं लाकडी सांगाड्याची. पंखांवर कापड ताणून शिवायचं आणि वरून रोगणाचे हात द्यायचे, की ते ढोलासारखं घट्ट होई. रोगणाच्या वासाने भागोजीचं डोकं भणभणे, पण काम त्याला आवडलं. पहिले काही महिने तर वर गेलेलं विमान खाली उतरेपर्यंत तो जेवायला बसत नसे.

तिथे उडायला शिकणाऱ्यांत सोराब नावाचा एक तरुण पारशी होता. भागोजीला नावाने हाक मारणारा तो एकटाच. विमानात चढण्याआधी पंखाजवळ येऊन विचारायचा, "भागोजी, बरोबर हाय ने?"

१९३२चा पावसाळा विमानांनी ओलसर शेडमध्ये काढला. ऑक्टोबरात ती बाहेर आली, तेव्हा भागोजीने एका विमानाच्या डाव्या पंखावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"मिस्त्री, ह्ये कुजलंय. सगळं उतरवाया हवं," तो शेडचं काम बघणाऱ्या पेद्रू मिस्त्रीला म्हणाला.

"त्याला चार दिवस जातील. आता ठिगळ मार. पुढच्या आठवड्यात बघू."

भागोजीने ठिगळ लावलं. टाके नेहमीसारखेच बारीक आले. रोगण वाळल्यावर काही दिसेना.

तिसऱ्या दिवशी सोराब आला आणि त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. मिस्त्री शेजारीच उभा होता. भागोजीने होकारार्थी मान हलवली.

विमान समुद्रावर वळलं आणि डाव्या पंखाचं कापड सोलून निघालं. विमान भरतीच्या पाण्यात कोसळलं. पोहत जाऊन भागोजीनेच सोराबला वाळूवर ओढून आणलं, पण त्याच्यात जीव उरला नव्हता.

चौकशीला आलेल्या साहेबाने फाटका तुकडा पुढे धरला. "शिवण कुणाची?"

"माझी."

"काही सांगायचं आहे?"

भागोजीने पेद्रूकडे पाहिलं. दादूची नोकरी पेद्रूच्याच शब्दाने लागली होती.

"काय नाय," तो म्हणाला.

शिवण कच्ची होती, असं कागदावर लिहिलं गेलं. भागोजी आगबोटीने हर्णैला उतरला आणि चालत घरी आला. लोक शिडं घेऊन येत, तो त्यांना परत पाठवी. बायकोला, हौसाला, त्याने कारण सांगितलं नाही.

तीन वर्षांनी टपालाचं विमान किनाऱ्यावरून जाऊ लागलं. आवाज आला की सारी वाडी पुळणीवर धावे. भागोजी मात्र घरात जाऊन दार लोटून घेई. एकदा हौसा त्याच्या मागोमाग आत गेली आणि तिने खोदून खोदून विचारलं. तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"मंग सायबापुढं का नाय बोललात?" ती म्हणाली.

"त्याचं येवडं काय नाय. सोराबशेटनं विचारलं, तवा मी मान हलवली. त्येच्यापुढं बोलाया हवं होतं."

बाहेर पोरं ओरडत किनाऱ्याने पळत होती.

त्यानंतर भागोजी मासळीच्या पाट्या वाहू लागला. १९३८ साली तो गेला, तेव्हा वाडीतल्या तरण्या पोरांना तो कधीकाळी शिडं शिवायचा हे ठाऊकही नव्हतं.