किसमिस नुसती बघायची

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. शुभदाताईंचे यजमान बोलत होते. "काका, शुभदा गेली... पहाटे, झोपेतच." मेथी बाजूला सारून तिथंच भिंतीला टेकलो. छातीत जुनी धडधड उठली. या वेळी मी ती उठू दिली.

ही धडधड बायको गेली तेव्हापासूनची. त्याआधी उभी हयात करोंदच्या मंडीत धान्य पारखलं. शाळा चौथीपर्यंत, पण मूठभर गहू तळहातावर घेऊन मी माल कसा ते सांगितलं की वाद संपायचा. बायको गेली आणि श्वास कोंडायला लागला. दर वेळी वाटायचं, आता मेलो. हृदय तपासलं तर ठीक निघालं. तरी एकट्यानं घराबाहेर पाऊल पडेना. शेवटी मुलानं जवळजवळ ओढतच अशोका गार्डन वस्तीत नेलं, शुभदाताईंकडे. मनाच्या दुखण्यावर इलाज करायच्या त्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या.

"मी पागल नाही," आत शिरताच सांगितलं.

"मी कुठं म्हटलं? बसा तर आधी."

त्यांची खोली रेल्वे लाईनजवळ, वरच्या मजल्यावर होती. दुपारी पडद्यातून पिवळा उजेड यायचा, गाडी गेली की तांब्यातलं पाणी हळूच थरथरायचं, आणि वेळ जसा पाय पसरून झोपलेला... त्यांनी माझ्या हातावर एक किसमिस ठेवली. म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा बघताय अशी बघा. मी बघितली.

"हलका माल. ओल आहे. देठही तसाच. कोणी दिला तुम्हाला?"

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "काका, विकत नाही घ्यायची. नुसती बघायची."

श्वासाचंही मी तेच करायचो. हा आखूड, हा खराब, हा बहुतेक शेवटचा. तिथूनच घबराहट सुरू व्हायची. "आला ना? मग आला, एवढंच म्हणा," त्या सांगायच्या. मी भांडायचो, श्वास तर म्हैसही घेते, त्यात शिकायचं काय?

"घेते. पण म्हैस त्याला घाबरत नाही."

असे महिने गेले. एका गुरुवारी मी एकटाच बसनं त्यांच्याकडे पोचलो. त्यांनी चहा मागवला. चहात साखर त्या दिवशी जास्त होती.

मग त्याच आजारी पडल्या. शेवटचं भेटलो ते त्यांच्या घरी. जन्माची सवय, नजर आधी मनगटाच्या काड्यांवर गेली, मग चेहऱ्याच्या रंगावर. तोंडाशी आलेलं गिळलं.

"काय दिसतंय, काका?" त्यांनीच विचारलं.

"उशीवर ऊन आलंय."

"हो," त्या म्हणाल्या. मग ते ऊन सरकत सरकत भिंतीवर जाईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो...

त्यांची खोली आता बंद असते. मी तरी गुरुवारी जातो, खाली पानवाल्याच्या बाकावर बसतो. "दादाजी, किसका इंतज़ार है?" तो विचारतो. "किसी का नहीं," मी सांगतो. गाड्या जातात, वरच्या खिडकीची काच थोडी हलते. कधी डोळे भरून येतात, तेव्हा रुमाल काढत नाही. मग परतीची बस येते आणि मी चढतो.