माझ्या हद्दपार साडूंची मंडळी

बसलेल्या माणसांना उठवून दुसरीकडे नेऊन बसवण्याची विद्या माझ्या थोरल्या साडूंइतकी उभ्या महाराष्ट्रात कुणाला अवगत असेल, असं मला वाटत नाही. तीस वर्षं ते सोलापूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे माईक धरून बसले. अक्कलकोटची गाडी तीन नंबरला लागणार म्हणून लोकांनी तिथे बोचकी टाकावीत, पोरं निजवावीत, दशम्या सोडाव्यात आणि नेमकी गाडी सात नंबरला यावी, हे तिथलं रोजचं. दुसऱ्या कुणी ते जाहीर केलं असतं तर लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. साडूंनी सांगितलं की लोक मुकाट उठत, काही तर हसत उठत. कारण साडू खिडकीच्या जाळीतून बाहेर बघत बोलायचे. "अक्कलकोटच्या मंडळींनी सात नंबरला यायचंय. घाई करू नका, गाडी तुमच्यासाठीच थांबलीय. हिरव्या पातळाच्या मावशी, तुमचं गठुडं ऱ्हायलं बघा खांबापाशी." ती मावशी पुढे वर्षभर गावात सांगत असणार की सोलापूरच्या स्टँडवर आपल्या ओळखीचा माणूस आहे.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला म्हणजे घराचं काय होत असेल ते त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाईंना विचारावं. पहिले सहा महिने त्यांच्याकडे आमटीसुद्धा घोषणा झाल्याशिवाय ताटात पडली नाही. मग साडूंनी चांगल्यातला मोबाइल घेतला आणि घर सुटलं, जग सापडलं. रोज सकाळी सहाला गच्चीवर, मागे दोरीवर एक नवीकोरी चादर पसरून (सोलापूर म्हटल्यावर मागे चादर हवीच, असं त्यांचं म्हणणं) ते मोबाइलसमोर उभे राहायचे आणि त्याच स्टँडवरच्या आवाजात विचारायचे, "उठलात का मंडळी?" सुरुवातीला त्यात काही वावगं नव्हतं. चाला, हसा, सुनेशी गोड बोला, शेंगाचटणी जपून खा, असलं सांगायचे. गावोगावचे म्हातारे-म्हाताऱ्या "उठलो सर" असं लिहायच्या आणि साडू प्रत्येकाचं नाव घेऊन उत्तर द्यायचे.

घोळ झाला तो कडक भाकरीने. ज्वारीची पातळ, वाळवून पापडासारखी केलेली ही भाकरी आमच्याकडे महिनाभर टिकते. ती रात्री तांब्याच्या भांड्यात भिजवून सकाळी ते पाणी प्यायलं की रक्तदाब उतरतो, हा शोध साडूंना कुठे लागला हे त्यांनाही सांगता येत नसे. पुरावा म्हणून ते स्वतःलाच पुढे करायचे. "मला बघा की. पासष्ट ओलांडली, एक गोळी न्हाई." तुम्हाला मुळात तो आजारच नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. "व्हय की. पाणी पितो म्हणूनच न्हाई," असं म्हणून त्यांनी मला एक भाकरी दिली. व्हिडिओ इतका चालला की पुढचा आला, "गोळीला रामराम". त्यावर मात्र ज्या मोठ्या परदेशी कंपनीच्या ॲपवर हे सगळं चालायचं, तिने साडूंचं पानच बंद केलं. इंग्रजीतली ती नोटीस घेऊन ते सात रस्त्याच्या चौकात माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले. तुमच्या सांगण्याने लोकांना अपाय होऊ शकतो, असं त्यात लिहिलं होतं. मी ते मराठीत सांगितल्यावर त्यांनी नोटीस लॅमिनेट करून मागितली. "तीस वर्षं नोकरी केली, एक मेमो न्हाई मिळाला मला. ही बघा, थेट सातासमुद्रापलीकडनं आली. आपली भाकरी टोचली की ओ त्यांना!" ती नोटीस आजही त्यांच्या दिवाणखान्यात असेल असं समजू नका, पण त्या वेळी ती देवांच्या फोटोंच्या रांगेत टांगली होती.

पान बंद झालं म्हणून थांबतील ते साडू कसले? मंडळींना उठवायचं आणि दुसरीकडे बसवायचं, हे तर त्यांचं रोजीचं काम. दुसऱ्या ॲपवर मुख्यतः ट्रक ड्रायव्हर गाणी म्हणत, तिथे ते गेले. तिथून काढल्यावर एका ॲपवर गेले, तिथे नुसता आवाज चालायचा, चेहरा दिसत नसे. तरी मागे चादर होतीच. पुढच्या एका ॲपची लिपी कुठल्या देशातली हे मला अजून कळलेलं नाही. साडूंनी ते रंगांवरून शिकून घेतलं आणि फोनवरून म्हाताऱ्यांना शिकवलं. माझ्या दुकानात बसून त्यांची शिकवणी चाले. "काकू, खाली उजव्या कोपऱ्यात शिट्टीसारखं चित्र हाय, ते दाबा. आता लाल दिसतंय का? ते दाबू नका. हां, दाबलं? बरं, मग परत शिट्टीवर या." तासाभराने काकू पोचायच्या आणि साडू घाम पुसत म्हणायचे, "पोचली बघा गाडी."

जुन्या ठिकाणी राहिलेल्यांना नवा पत्ता कळवण्याची त्यांची युक्ती तर पोलिसांनाही सुचली नसती. पत्ता सरळ लिहिला की कंपनी तो पुसून टाकायची. म्हणून साडूंनी मोठ्या कंपनीच्या ॲपवर रांगोळीचं एक साधंभोळं पान उघडलं आणि मेहुणीबाईंकडून रोज दारातली रांगोळी काढून घेऊन तिचे व्हिडिओ टाकायला लागले. कमळाच्या पाकळ्यांत नव्या ग्रुपची अक्षरं बेमालूम बसवलेली असत. "लक्ष्मीच्या पावलांत तुमचा पत्ता काढायला लावता व्हय? आता लक्ष्मी त्या ग्रुपात जायची," असं मेहुणीबाई वैतागून म्हणत, पण काढून देत. शेजारणींना मात्र रोजच्या रांगोळीत इंग्रजी कुठून आलं याचा उलगडा होत नव्हता.

मी हे सगळं हसत बघत होतो, पण एक गोष्ट मला खटकायला लागली होती. प्रत्येक स्थलांतरात माणसं गळत होती. हौशी, हसरे, "उठलो सर" म्हणणारे मागे राहिले. उरले ते कडवे. त्यांना चालणं नको, हसणं नको, त्यांना गोळ्यांना दिलेल्या शिव्या हव्या असत, आणि समोरचा जे मागेल ते साडू द्यायचे. शिवाय आता ते नुसते साडू राहिले नव्हते, ज्यांचा आवाज दाबला जातो असे थोर पुरुष झाले होते. त्यांचं कौतुक करण्यात सगळ्यांत पुढे होती 'बार्शीची वाघीण' नावाची कुणी बाई. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. साडूंवर कुणी शंका घेतली की ही तुटून पडायची. "सरांचा शब्द म्हंजे शब्द. मी कवाच गोळी टाकली उकिरड्यावर." साडू ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. "असा एक माणूस असला की बास," म्हणायचे.

एके दिवशी दुपारी दुकानात बायकोचा फोन आला की बार्शीला आई चक्कर येऊन पडली. आई म्हणजे माझ्या आणि साडूंच्या सामायिक सासूबाई. आम्ही चौघं मिळेल त्या गाडीने बार्शीला गेलो. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार चढला होता, थोडक्यात वाचल्या, गोळ्या कधीपासून बंद आहेत? आता सांगायला हवं, आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायच्या नाहीत आणि जावयाशी थेट शब्द बोलायच्या नाहीत. आम्ही समोर बसलेलो असलो तरी लेकीला म्हणायच्या, "इचार जावयास्नी, च्या घेणार का." इतक्या वर्षांत साडूंशी त्या सरळ बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्याच पद्धतीने त्या दिवशी पदर ओढून, भिंतीकडे बघत, थोरल्या लेकीला त्या म्हणाल्या, "थोरल्या जावयांनीच सांगितलं म्हणून सोडल्या की."

"मी? मी कधी बोललो मामींशी?" साडू चाट पडले. सासूबाईंनी उशीखालचा मोबाइल काढून लेकीच्या हातात दिला. त्यावर गुलाबाचं फूल होतं. दोन महिने चक्कर येत होती, पण जावयाच्या औषधाने गुण येत नाही हे जावयाला कोणत्या तोंडाने कळवायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. वाघीण म्हणून रोज बोलत होत्या, सासू म्हणून बोलायची सोय नव्हती. साडूंनी ते फूल आपल्या मोबाइलमधल्या वाघिणीशी ताडून पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "आणखी किती जणांचं असं झालं असंल ओ?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्ही किती जणांना सांगितलंत?" साडू मोबाइलमधली नावं मोजायला लागले. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांचं तोंड असं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई तीन दिवसांत उठून बसल्या आणि माझ्या जिवात जीव आला. पहिलं काम त्यांनी काय केलं असेल तर साडूंना समोर बोलावून थेट झापलं. "आता कसला पदर आन् काय. वाघीण हून लई बोलले तुमच्याशी. ऐका, माझं निभावलं. बाकीच्यांचं बघा." तेवढ्यात मेहुणीबाई बाहेर जाऊन रडून आल्या, आणि मलाही तिथे थांबवेना.

साडूंनी त्याच संध्याकाळी होत्या तेवढ्या सगळ्या ठिकाणी सांगून टाकलं की माझं चुकलं, गोळी सोडू नका, सोडली असेल तर उद्याच डॉक्टरांकडे जा. आणि आयुष्यात पहिल्यांदा मंडळी जागची हलली नाहीत. सर दबावाखाली आहेत, असं एकाने लिहिलं. सरांना विकत घेतलं, असं दुसऱ्याने. हा आवाज सरांचा नव्हेच, मशीनने बनवलेला आहे, यावर तर बहुतेकांचं एकमत झालं. खोटं सांगितलं तेव्हा ॲपमागून ॲप ओलांडून मागे आलेली माणसं खऱ्यासाठी एक पाऊल टाकेनात. साडूंनी लॅमिनेट केलेली नोटीस उतरवली आणि ग्रुपमधले फोन नंबर कागदावर उतरवून माझ्या दुकानात बैठक मारली. एकेकाला फोन. नाव, गाव, सुनेचं नाव, गुडघ्याचं दुखणं, सगळं त्यांच्या लक्षात होतं, त्यामुळे बोलता बोलता लोकांना पटायचं की हे खरेच सर. कुणी शिव्या घातल्या, कुणी रडलं, पण गोळ्या सुरू व्हायला लागल्या. सुदैवाने वाईट बातमी एकाही फोनवर आली नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना साडू रोज तेवढंच सांगायचे, "आज बी सगळे खुशाल," आणि मग आम्ही दोघं अर्धा अर्धा चहा घ्यायचो.

शेवटी एकच माणूस उरला, अकलूजचा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ एकटे राहत. "तुमी खरे सर कशावरनं? आजकाल आवाज बी मशीनीत बनत्यात," म्हणून त्यांनी सतरांदा फोन ठेवला. मग साडू आणि मी गाडी धरून अकलूजला गेलो. त्यांनी दार उघडलं, साडूंना आपादमस्तक न्याहाळलं, दंडाला हात लावून खात्री केली आणि म्हणाले, "हायसा व्हय खरंच!" साडूंनी सगळी चूक पहिल्यापासून कबूल केली. गृहस्थांनी निमूटपणे फळीवरून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि रिकामा पेला हातात धरून म्हणाले, "औषधाचं जाऊ द्या वो सर. पाणी काय, गोळी काय. सकाळी तुमी 'उठलात का' म्हणायचा, म्हणून मी उठायचो. आता कुणाचं ऐकून उठायचं?"

साडूंनी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेऊन फळीवर ठेवला. मग म्हणाले, "मी फोन करतो की. गोळी घेतली का म्हणून."

आता साडू कुठल्याच ॲपवर नाहीत. मेहुणीबाई म्हणतात घर कसं शांत झालं, आणि मीही सुटलो. रोज नवं ॲप घ्या म्हणून येणारे निरोप बंद झाले. सकाळी सहापासून साडू गोळ्या चालू असलेल्यांना एकेक फोन करतात. पहिला सासूबाईंना, दुसरा अकलूजला, मग पुढचे. मी एकदा सहज म्हटलं, मलाही करत जा. "तुमाला कुठली गोळी चालू हाय?" त्यांनी विचारलं. मला एकही गोळी नव्हती, म्हणून विषय तिथेच संपला. पण खरं सांगतो, सवयीने सहाला जाग यायची, हात मोबाइलकडे जायचा आणि त्यात काहीच नसायचं. तो आवाज आपल्याला इतका लागत होता हे तो बंद होईपर्यंत मला कळलं नव्हतं.

गेल्या महिन्यात तपासणीत माझाही रक्तदाब थोडा वर निघाला. डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लिहून दिली आणि घाबरू नका म्हणाले. मी कुठला घाबरतोय? बायकोच्याही आधी मी साडूंना कळवलं. दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन आला तेव्हा मी तोंड धुऊन, पाण्याचा पेला भरून, गोळी तळहातावर घेऊन कधीचा बसलो होतो.