फाईल हलकी करणारे कदम सर

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आमचे कदम सर ठणठणीत आहेत, तेव्हा मला बोलायला हरकत नाही.

नेरूळ स्टेशनजवळ त्यांचं ऑफिस. लोकांच्या वेबसाइटसाठी आम्ही आवाजाच्या फाईल तयार करायचो. घरघर काढायची, आवाज सारखा करायचा, मग फाईल दाबून हलकी करायची. इतक्या वर्षांत या माणसाने कानाला हेडफोन लावलेला मी पाहिला नाही. नुसता फाईलचा आकडा बघायचे. "जड आहे. अजून दाब." कीर्तन असो की दाताच्या डॉक्टरची जाहिरात, न्याय एकच. मी म्हणायचे, सर, एकदा ऐका तरी.

"ऐकून काय करू? लोड झालं पायजे, बास. लोकं भांडी घासता घासता ऐकतात."

आमच्या शिरवणे गावच्या लग्नगीतांचं काम मीच आणलं. माझी आत्या धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणणारी. आमच्या आगरी लग्नात तिचा मान भटजीइतका. ती ओळ सोडते, मागच्या बायका तीच ओळ उचलून परत म्हणतात, तेवढ्यात ती दम घेते. त्या बायकांत तिची जाऊ गंगाकाकी सगळ्यांत पुढे. रेकॉर्डिंग झालं आणि थोड्याच दिवसांत काकी गेली. तिचा आवाज त्या एका फाईलमध्ये उरला होता. हे मी सरांना बजावून सांगितलं होतं.

मी रजेवर असताना या गृहस्थांनी स्वतः हात मारला. परत येऊन बघते तर गाणं निम्मं, मागच्या बायका गायब.

"अगं, तेच तेच दोनदा येत होतं. डुप्लिकेट उडवलं. बघ, कशी हलकी झाली."

"मूळ रेकॉर्डिंग?"

"ते ठेवून काय लोणचं घालायचंय? डिस्क भरलेली, कार्ड पन पुसून दुसऱ्या कामाला दिलं. टेन्शन नको घेऊ, परत रेकॉर्ड कर."

"काकीला कुठून आणू?"

"दुसरी बाई बसव ना."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरी त्याच दिवशी सोडली. अजूनही ते समोर दिसले की मी रस्ता ओलांडते. हात उठू नये म्हणून.

आत्या मात्र विचारत राहिली, गंगीचा आवाज कधी ऐकवतेस. शेवटी तीच निम्मी उरलेली फाईल फोनवर लावली. पहिली ओळ संपली. जावेचा आवाज येईना, तेव्हा तिनेच ओळ उचलली. ती अर्ध्यावर असतानाच फोनमधून तिचीच पुढची ओळ सुरू झाली. तिने पुन्हा उचलली, पुन्हा तेच.

"तिला जरा थांब म्हन गो," आत्या मला म्हणाली. "गंगीला येऊ दे."